रोलर कोस्टर : किती उंच ते सोडा, पोटात गोळा किती वेळा आला ते सांगा

शेवटची रांग

मागे एका धाग्यावर "'किंगडा का' पाडला ते बरंच झालं" असं एक वाक्य मी टाकलं आणि मूळ विषय राहिला बाजूला, दोन दिवस माझीच धुलाई चालली. म्हणून हा स्वतंत्र धागा. आता इथे यथेच्छ धुवा.

आधी माझं म्हणणं. किंगडा का म्हणजे न्यू जर्सीतल्या सिक्स फ्लॅग्ज ग्रेट अ‍ॅडव्हेंचरमधला कोस्टर. २००५ साली आला तेव्हा जगातला सगळ्यांत उंच (१३९ मीटर) आणि सगळ्यांत वेगवान (ताशी २०६ किमी). नोव्हेंबर २०२४ मध्ये बंद झाला आणि २८ फेब्रुवारी २०२५ ला सुरुंग लावून आडवा केला. राइड काय होती? साडेतीन सेकंदांत बंदुकीतून सुटल्यासारखं सुटायचं, सरळ वर, सरळ खाली, एक टेकाड, ब्रेक. अर्ध्या मिनिटात खेळ खल्लास. माथ्यावरून काय दिसलं म्हणाल तर मला काही म्हणता काही आठवत नाही. आठवतं ते एवढंच, की डोळ्यांतलं पाणी गालावर न उतरता आडवं कानाकडे चाललं होतं.

त्याच पार्कात एल तोरो आहे. लाकडी, २००६ चा. उंची किंगडा काच्या निम्म्याहूनही कमी. पण पहिला उतार ७६ अंशांचा आणि त्यानंतर जवळजवळ प्रत्येक टेकाडावर बूड सीटवरून सुटतं. चांगलं सणसणीत सुटतं. त्या दिवशी मी एल तोरोवर पाच वेळा बसलो, किंगडा कावर एकदा.

बूड सुटण्याला आमच्या जमातीत एअरटाइम म्हणतात. मराठीत आयता शब्द आहे : पोटात गोळा येणं. गाडी टेकाडाच्या माथ्यावर येते, रूळ खाली वळतो, तुमचं शरीर मात्र आधीच्याच दिशेनं निघालेलं असतं. मग दोन तऱ्हा. एक अलगद, पाण्यात पाठीवर तरंगल्यासारखी, तिला फ्लोटर म्हणतात. दुसरी इजेक्टर, म्हणजे सीटला खालून कुणीतरी लाथ घालतं आणि मांडीवर अडकवलेला दांडा, म्हणजे लॅपबार, तुम्हाला वरच्या वर झेलतो. मी दुसऱ्या पंथाचा, पण पहिल्याशी वैर नाही.

आता माझी सगळ्यांत लाडकी राइड. हसू नका, उंची २४ मीटर. पेनसिल्व्हेनियातल्या क्नोबल्स पार्कातली फीनिक्स. मूळची टेक्सासची, सॅन अँटोनियोतली, १९४० च्या दशकातली. तेव्हा तिचं नाव रॉकेट होतं. ते पार्क बंद पडलं आणि कोस्टर नुसताच उभा राहिला. क्नोबल्सवाल्यांनी तो सुटा करून आणला आणि १९८५ साली पुन्हा उभा केला. म्हणून नाव फीनिक्स. सुरुवातीलाच लांबलचक काळोखा बोगदा, मग साखळीची टकटक, मग उतार. दोघांत मिळून एकच दांडा, तोही मांडीला न टेकणारा. मधे वीतभर मोकळी जागा, आणि परतीच्या टेकाडांवर ती सगळीच्या सगळी वापरली जाते. मी शेवटच्या रांगेत होतो. शर्ट पाठीवरून वर गेला, तळवे जमिनीवरून सुटले, दांड्यानं मांडीवर शिक्का मारला. शेजारी अनोळखी आजोबा, सत्तरी ओलांडलेले. ते ओरडत नव्हते, हसत नव्हते. दोन्ही हात वर, डोळे मिटलेले, समाधी लागल्यासारखे. ब्रेक लागल्यावर त्यांनी फक्त मान हलवली आणि पुन्हा रांगेकडे चालू पडले. मी त्यांच्या मागे.

थोडी किरकिरही करून घेतो. राइड कितीही चांगली असली तरी चालवणारे ढिले असतील तर सगळं मातीत. एका पार्कात (नाव घेत नाही) तीन गाड्यांची सोय असलेल्या कोस्टरवर एकच गाडी चालू. रांग हलेना. फलाटावर पोचल्यावर मी घड्याळ लावलं : गाडी आल्यापासून पुन्हा सुटेपर्यंत सहा मिनिटं. राइड दोन मिनिटांची! आणि सुटली तेव्हा तीन सीटा रिकाम्या. एकट्याला घ्या म्हणून मी बोट वर केलं, तर दिलगिरीचं हसू मिळालं. शिवाय लॅपबार असा दाबून बसवतात की मांडी हलू नये. आम्ही त्याला स्टेपल करणं म्हणतो. एअरटाइमच्या कोस्टरवर स्टेपल होऊन बसायचं म्हणजे हातपाय बांधून पोहायला उतरायचं.

तर प्रश्न असा : तुमची लाडकी राइड कुठली आणि का? "जगातली सगळ्यांत अमुक" हे कारण बाद.

कुंपणावर

वाचतोय. पाय जमिनीवर ठेवून.

उलटसुलट

धागा छान, मत साफ चुकीचं. 🙂

शेवटची रांग, तुम्ही एअरटाइमवाले सगळ्या जगाला एकाच काट्यानं तोलता. किंगडा कावर टेकाडं मोजायला जायचंच नव्हतं. ती एका क्षणाची राइड होती. गाडी सुटण्याआधीचे ते चार-पाच सेकंद, कुणी काही बोलत नाही, शेजारच्याचा श्वास ऐकू येतो, तिथेच पैसे वसूल. तुम्ही माथ्यावर डोळे पुसत बसलात त्याला ती काय करणार?

माझी लाडकी : इंग्लंडात आल्टन टॉवर्समधली नेमेसिस, १९९४ ची. गाडी रुळाखाली लटकलेली आणि आपले पाय मोकळे. तिथे झाडांच्या शेंड्यांवर काही दिसता कामा नये असं बंधन होतं, म्हणून खडक फोडून खड्डा केला आणि कोस्टर त्यात बसवला. त्यामुळे पाय सतत कातळाच्या जवळून जातात. पोटात गोळा एकही येत नाही, उलट वळणावळणाला कुणी खांद्यावर बसून दाबतंय असं वाटतं, पोटऱ्यांत मुंग्या येतात. २०२२ मध्ये बंद करून रूळ नवे घातले आणि २०२४ मध्ये पुन्हा सुरू झाली. मला उलटं व्हायला आवडतं, उडायला नाही. तुमच्या शीर्षकात माझ्यासारख्यांना जागाच नाही.

लाकूडतोड्या

+१ फीनिक्सला. एल तोरोला अर्धा, कारण ते लाकूड कारखान्यात अचूक कापून आणलेलं आहे, जिगसॉ जोडल्यासारखं जोडलेलं. इतकं गुळगुळीत चालतं की पोलादी वाटतं. लाकडी कोस्टरनं कसं, थोडं अंग घुसळून काढलं पाहिजे. तो कुरकुरतो, डुलतो, पाऊस पडून गेल्यावर जास्त पळतो, सकाळी आळसावलेला असतो आणि संध्याकाळपर्यंत वंगण गरम झालं की सुटतो. म्हणून जाणकार लाकडी कोस्टर शेवटच्या तासासाठी राखून ठेवतात.

माझं मत द बीस्टला, ओहायोतल्या किंग्ज आयलंडमध्ये, १९७९ सालचा. २२४३ मीटर, लाकडीत आजही सगळ्यांत लांब. (हो, "सगळ्यांत अमुक" बाद आहे, पण लांबीमुळेच तो आवडतो, काय करू!) दिवसा बसाल तर म्हणाल हे काय, नुसता जंगलातून धावतोय. रात्री बसा. दिवे नाहीत, झाडं अंगावर येतात, पुढचं वळण कुठल्या बाजूचं ते कळत नाही. मग दुसरी चढण, आणि तिच्या माथ्यानंतर बोगद्यातून घुमत जाणारं ते मोठं वळण. एअरटाइम म्हणाल तर नावाला. पोटातला गोळा काळोखानंही येतो, राव.

नटबोल्ट

लाकूडतोड्या, लाकडी कशाला म्हणायचं हे एकदा ठरवून घ्या, नाहीतर धागा पन्नाशी गाठेल. न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडचा १९२७ चा सायक्लोन सगळे लाकडी म्हणून डोक्यावर घेतात. त्याचे खांब पोलादी आहेत. उलट ओहायोतल्या सीडर पॉइंट पार्कचा जेमिनी, १९७८ चा, सगळा सांगाडा लाकडी, पण गणला जातो पोलादी. कारण खांब बघायचे नसतात, रूळ बघायचा असतो. फळ्यांचे थर एकावर एक आणि वर पोलादाची पट्टी, तर लाकडी. नळीचा रूळ, तर पोलादी.

लाकूडतोड्या

मग स्टील व्हेंजन्स? जुन्या लाकडी मीन स्ट्रीकच्या सांगाड्यावर पोलादी रूळ घातला, २०१८ मध्ये. आता तो चार वेळा उलटा होतो.

नटबोल्ट

पोलादी. "हायब्रिड" हा शब्द सगळ्यांना खूश ठेवायला काढलाय.

लाकूडतोड्या

मी खूश नाही.

शेवटची रांग

स्टील व्हेंजन्सवर भांडू नका, तो कुठल्याही रकान्यात टाका, मी हात जोडतो. पार्कवाले २७ सेकंदांचा एअरटाइम सांगतात. मी मोजू शकलो नाही, कारण बोटं दांड्यावर होती. सुटल्यापासून ब्रेकपर्यंत दम घ्यायला जागा नाही. आणि बघा, १९९१ चा मीन स्ट्रीक एके काळी उंचीच्या विक्रमाच्या तोऱ्यात उभा होता आणि अंग खिळखिळं करतो म्हणून लोक टाळायचे. सांगाडा जवळपास तोच. बदलली ती रुळाची वळणं.

उलटसुलट, तुमचा मुद्दा मान्य, शीर्षक थोडं पक्षपाती आहे. पण नेमेसिसनं माझंच काम केलं. उंच जायची परवानगी नाही म्हणून डोकं चालवावं लागलं. जर्मनीतल्या फँटासियालँडचं तेच. शेजारी वस्ती, उंचीवर बंधन, म्हणून टारोन (२०१६) दगडी भिंतींच्या खबदाडीत असा कोंबलाय की तो किती मोठा आहे हे बाहेरून कळतच नाही.

उलट विक्रमासाठी बांधलेल्यांचं काय होतं पाहा. जपानमधला डो-डोडोन्पा : १.५६ सेकंदांत ताशी १८० किमी. बसणाऱ्यांची हाडं मोडल्याच्या तक्रारी आल्या, २०२१ मध्ये थांबवला, २०२४ मध्ये कायमचा बंद केल्याचं जाहीर झालं. सीडर पॉइंटचा टॉप थ्रिल ड्रॅगस्टर (२००३, १२८ मीटर) : २०२१ नंतर मूळ रूपात धावलाच नाही. किंगडा का : ढिगारा. आणि कोपनहेगनच्या टिव्होलीतला रुचेबानेन १९१४ पासून धावतोय.

उलटसुलट

सोयीची उदाहरणं निवडलीत. सीडर पॉइंटचाच मॅग्नम १९८९ मध्ये विक्रमासाठीच बांधला, पूर्ण फेरी मारणाऱ्यांत २०० फुटांवर जाणारा पहिला. अजून धावतोय. मिलेनियम फोर्स २००० साली ९४ मीटर, ताशी १५० किमी, तोही विक्रम. अजून धावतोय, अजून रांग लागते. अबू धाबीचा फॉर्म्युला रोसा, ताशी २४० किमी, गॉगल लावून बसवतात, २०१० पासून आहे.

शेवटची रांग

मॅग्नमला मी काही बोलणार नाही. परतीच्या वाटेवरची ती टोकदार टेकाडं म्हणजे माझ्या पंथाचं तीर्थक्षेत्र. हरलो. वाक्य सुधारतो : विक्रमानं राइड बिघडत नाही, पण विक्रम झाल्यावर काय करायचं हे ज्यांनी ठरवलेलं नसतं त्यांची बिघडते. मिलेनियम फोर्सबद्दल मात्र माझं मत राखून ठेवतो. पहिला उतार अप्रतिम, मग तिरप्या वळणांची नुसती सहल.

कुंपणावर

सौदीतल्या फाल्कन्स फ्लाइटबद्दल काय? ताशी २५० म्हणतात.

शेवटची रांग

बसलेलो नाही. पण लांबी ४ किमीच्या वर आहे, म्हणजे वेग खर्च करायला जागा ठेवलीय. त्यामुळे जीभ आवरली आहे.

पिशवीवाली

मी या धाग्यावर चुकून आले. आमच्या घरचे सगळे बसतात, मी खाली पिशव्या, चष्मे, टोप्या आणि एक बूट सांभाळत उभी असते. माझा प्रश्न सरळ आहे. हे पडत कसं नाही? आणि साखळीवर जाताना ती जी कडकड होते ती काय तुटण्याची असते?

नटबोल्ट

ताई, ती कडकड ही सगळ्यांत चांगली बातमी. चढणीवर रुळाच्या बाजूला दात्यांची पट्टी असते आणि गाडीखाली एक खटका. दर दात्यावरून जाताना तो खट्‌कन पडतो. साखळी तुटली तरी गाडी एका दात्यापलीकडे मागे घसरत नाही. आवाज आहे तोवर निर्धास्त राहा.

पडत नाही कारण चाकं तीन बाजूंनी असतात : रुळावर, रुळाच्या कडेला आणि रुळाच्या खाली. खालची चाकं कोस्टर आखणाऱ्या जॉन मिलरची, १९१९ चं पेटंट. त्याआधी गाडी नुसत्या वजनावर रुळावर बसलेली असायची, म्हणून टेकाडं बेताची आणि गाडीवर ब्रेक ओढायला माणूस. मेलबर्नच्या लूना पार्कात १९१२ च्या सीनिक रेल्वेवर तो माणूस अजून उभा असतो. आज बूड सुटतं ते या खालच्या चाकांच्या जिवावर.

दोन गाड्या आदळू नयेत म्हणून रुळाचे ब्लॉक पाडतात. एका ब्लॉकात एकच गाडी, पुढचा रिकामा झाल्याशिवाय मागची सुटत नाही. शेवटी ब्रेक बहुधा चुंबकी असतात. गाडीखालची धातूची पट्टी चुंबकांमधून गेली की पट्टीत भोवऱ्यासारखे वीजप्रवाह तयार होतात आणि तेच गाडीला मागे ओढतात. याला बाहेरची वीज लागतच नाही, म्हणजे वीज गेली तरी ब्रेक लागणारच.

पिशवीवाली

मग अपघात होतात ते कसे?

नटबोल्ट

लपवत नाही. २ जून २०१५, आल्टन टॉवर्स, द स्मायलर. १४ वेळा उलटा होणारा कोस्टर. चाचणीची रिकामी गाडी रुळावर अडकली होती, म्हणून यंत्रणेनं मागची भरलेली गाडी रोखून धरली. अगदी बरोबर केलं. माणसांना वाटलं यंत्रणाच चुकतेय, त्यांनी ती बाजूला सारून गाडी सोडली. दोघींना पाय गमवावा लागला, कंपनीला ५० लाख पौंडांचा दंड झाला. यंत्र थांबतं तेव्हा का थांबलं हे शोधायला वेळ लागतो आणि खाली रांग ओरडत असते. त्या दबावात निर्णय चुकतात. म्हणून राइड बंद पडल्यावर जे लोक कर्मचाऱ्यांवर तोंड सोडतात त्यांचा मला राग येतो.

शेवटची रांग

आधीच्या किरकिरीबद्दल कान पकडतो, पण ढिलाई आणि काळजी यांत फरक आहे.

थांबण्यावरून आठवलं. एकदा आमची गाडी चढणीवरच बंद पडली. माथ्याला दहा-बारा पावलं उरली असतील. पहिली दोन मिनिटं हास्यविनोद, मग कुणीतरी रडायला लागलं, मग एकदम शांतता. वाऱ्यानं साखळी हलकेच किणकिणत होती. पाऊण तासानं दोन माणसं बाजूच्या जिन्यानं वर आली, एकेका रांगेचा लॅपबार किल्लीनं सोडवत, एकेकाला हाताला धरून उतरवलं. जिना जाळीचा, पायाखाली सगळं दिसतं. ताशी १५० किमीच्या राइडवर हात वर करणारा मी, त्या जिन्यावर दोन्ही कठडे घट्ट धरून, एकेक पायरी बसत बसत उतरलो.

अवांतर

अवांतर : याला मराठी शब्द काय? फ्रेंच लोक "रशियन डोंगर" म्हणतात, कारण मूळ सेंट पीटर्सबर्गच्या बर्फाच्या घसरगुंड्यांत. आणि रशियन लोक म्हणतात "अमेरिकन टेकड्या". जर्मन म्हणतात "आठाचा रूळ". कुणीच जबाबदारी घ्यायला तयार नाही. आपण "लोटांगणगाडी" म्हणावं असं सुचवतो.

लाकूडतोड्या

गडगडी.

उलटसुलट

गडगडी आवडलं. पण उलटं होणाऱ्याला कोलांटी पाहिजे. नटबोल्ट, लूप (गाडीला उलटं फिरवणारा फेरा) गोल का नसतो ते सांगा ना, बऱ्याच जणांना माहीत नसतं.

नटबोल्ट

गोल करून पाहिला होता. कोनी आयलंडलाच, १८९५, फ्लिप फ्लॅप. तळाशी वेग सगळ्यांत जास्त आणि सपाट रुळावरून एकदम गोलात शिरायचं, त्यामुळे असा हिसका बसायचा की लोक मान धरून उतरायचे. १९७६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या मॅजिक माउंटन पार्कच्या रेव्होल्यूशन कोस्टरवर जर्मन अभियंते वेर्नर श्टेंगेल यांनी गणित बदललं. तळाशी वळण मोठं, वर जाता जाता लहान. म्हणून आज लूप थेंबाच्या आकाराचा दिसतो. वेग कमी होतो तिथे वळण घट्ट, वेग जास्त तिथे ऐसपैस.

पिशवीवाली

एवढं वाचून एकदा बसावंसं वाटायला लागलंय. पण मला झोपाळ्यावरही मळमळतं.

शेवटची रांग

ताई, मॅग्नम आणि १९७५ चा कॉर्कस्क्रू ज्यांनी आखला त्या रॉन टूमरना मळमळण्याचा त्रास होता, स्वतःच्या बहुतेक राइडवर ते बसलेच नाहीत. तुम्ही मोठ्या माणसांच्या पंगतीत आहात.

पहिल्यांदा लहानसा लाकडी कोस्टर घ्या. मधली रांग. शेवटची नको, तिथे मी असतो आणि तिथला डबा माथ्यावर पोचेपर्यंत पुढच्या डब्यांनी खेचून वेग घेतलेला असतो. चाकांच्या वरची सीट टाळा. मान सीटला टेकवा, नजर रुळावर लांब ठेवा, डोळे मिटू नका, मिटले की जास्त मळमळतं. आणि उतारावर श्वास धरून ठेवू नका, ओरडा.

पिशवीवाली

मधली रांग, डोळे उघडे, ओरडायचं. समजलं. पण मग पिशव्या कोण धरणार?

लाकूडतोड्या

फलाटावर कप्पे असतात. ही सबब गेली.

पिशवीवाली

आणि बूट?

लाकूडतोड्या

तो ज्याचा आहे त्याला पायात घालायला सांगा.